चौथ्या डावातल्या ४९२ धावा

मार्च १९४५. मुंबईचे ब्रेबॉर्न स्टेडियम. रणजी करंडकाचा अंतिम सामना, मुंबई विरुद्ध इंदूरचा होळकर संघ. मुंबईने पहिल्या डावात ४६२ केल्या, होळकरांनी ३६०. मग मुंबईने दुसऱ्या डावात ७६४ केल्या. होळकरांना जिंकायला ८६७ धावा हव्या होत्या. त्यांनी ४९२ केल्या आणि ते ३७४ धावांनी हरले.

मला त्या ४९२ धावांविषयी लिहायचे आहे. क्रिकेटच्या इतिहासात हा सामना निघतो तेव्हा सगळ्यांचे लक्ष चार डावांच्या बेरजेकडे जाते. २०७८ ही बेरीज आहेच तशी डोळे विस्फारायला लावणारी. पण आकडा मोठा झाला की माणसे त्याच्याआड जातात. आठशे सदुसष्ट धावांचे ओझे डोक्यावर घेऊन, मार्चच्या उन्हात, आदल्या अनेक दिवसांचा चेंडूमागचा शिणवटा अंगात असताना अकरा माणसे बॅटी घेऊन कशी उतरली असतील, हा प्रश्न मला त्या बेरजेहून मोठा वाटतो.

मी नेरचा. यवतमाळहून अमरावतीकडे निघालात की वाटेत लागते ते नेर, नेर परसोपंत. कापसाचा, तुरीचा, सोयाबीनचा मुलूख. आम्ही क्रिकेट शिकलो ते वावरात. पऱ्हाट्या उपटून झाल्या की मोकळ्या वावराचा एखादा तुकडा हातात यायचा. ढेकळे फोडायची, पाणी शिंपडून धुमसाने ठोकायचे आणि तीन काड्या रोवायच्या. काळ्या मातीवर चेंडू कधी गुडघ्याच्या वर येत नाही आणि भेगेत पडला तर कुठे वळेल याचा नेम नाही. धुऱ्यावर बसलेली माणसे खेळ बघायची आणि आपापसांत वाद घालायची. एक प्रश्न मात्र कधी कुणी विचारत नसे, कारण त्याला उत्तर नव्हते. आपला संघ कोणता?

वऱ्हाडच्या माणसाला हा प्रश्न खरोखरच अवघड होता. रणजी करंडक १९३४-३५ साली सुरू झाला तेव्हापासून मध्यप्रांत आणि वऱ्हाड या नावाचा एक संघ होता. तो खेळे आणि बहुधा लवकर बाहेर पडे. पुढे प्रांताचे नाव मध्यप्रदेश झाले, संघाचेही झाले. १९५६ साली विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, १९५७-५८ पासून विदर्भ या नावाने संघ उतरू लागला, आणि १९६० साली आम्ही महाराष्ट्राचे झालो. एका माणसाच्या उमेदीच्या वर्षांत त्याचा प्रांत, त्याची राजधानी आणि त्याच्या संघाचे नाव एवढ्या वेळा बदलत असेल, तर त्याने जीव लावायचा कशाला?

आमच्या आबांनी हा प्रश्न स्वतःपुरता सोडवला होता. जिनिंगमध्ये हिशेब लिहिण्याची त्यांची नोकरी. अख्ख्या आयुष्यात त्यांनी मोठा सामना प्रत्यक्ष कधी पाहिला नाही. पण नागपूरचा पेपर हातात आला की आधी खेळाचे पान उघडत. मी शाळेत असताना त्यांना एकदा विचारले, “आबा, मुंबई अन् होळकर खेळायचे तवा तुमी कोनाकून राहात होते?”

“सीके जिकडं, मी तिकडं,” आबा म्हणाले. “नागपूरचा मानूस हाये तो.”

“पन खेळे तर इंदूरकून.”

“पोटासाठी गेला बाप्पा. म्हून काय आपला नाही राह्यला?”

या उत्तरात एक मोठा इतिहास आहे. सीके म्हणजे कोट्टारी कनकैया नायडू. त्यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपुरात झाला. घराणे तेलुगू, पण पिढ्यांपासून नागपूरचे. शिक्षण नागपुरात, खेळ नागपुरात. १९२३ साली होळकर संस्थानाच्या महाराजांनी त्यांना इंदूरला बोलावले आणि आपल्या फौजेत कॅप्टनचा हुद्दा दिला. पुढे ते कर्नल झाले आणि लोक त्यांना त्याच नावाने ओळखू लागले. नागपुरात असा खेळाडू जन्माला येऊ शकत होता, पण त्याला पोसण्याची ऐपत नागपुरात नव्हती. शेतात पिकते ते दुसऱ्या गावच्या बाजारात जाते, हे आम्हाला कापसामुळे ठाऊक होते. माणसांचेही तसेच होते, हे सीकेंमुळे कळले.

डिसेंबर १९२६ मध्ये मुंबईच्या जिमखान्यावर इंग्लंडच्या एमसीसी संघाविरुद्ध त्यांनी १५३ धावा केल्या. त्यात अकरा षटकार होते. १९३२ साली लॉर्ड्सवर भारताने पहिला कसोटी सामना खेळला तेव्हा कप्तान तेच होते. हे सगळे वऱ्हाडातल्या खेड्यापाड्यांत पोचत होते, उशिरा पोचत होते, आणि पोचताना थोडे वाढूनही येत होते. आबांच्या तोंडून मी ऐकलेल्या सीकेंच्या काही षटकारांना मैदानच पुरत नसे.

होळकर संघ कसा होता हे नीट समजून घेतले पाहिजे. संस्थान मराठी. नीरेकाठच्या होळ गावातून निघालेले घराणे माळव्यात जाऊन राज्य करते झाले. यशवंतराव होळकर दुसरे यांनी क्रिकेटवर मनापासून पैसा लावला. खेळाडूंना फौजेत हुद्दे दिले, पगार दिला, राहायची सोय केली. माणसाने दुसरी कुठलीही चिंता न करता खेळावे, अशी व्यवस्था त्या काळात देशात फार थोड्या ठिकाणी होती. मुंबईकडे बँका होत्या, गिरण्या होत्या, मोठ्या कंपन्या होत्या. तिथे खेळाडू दिवसा नोकरी करत आणि कंपन्यांच्या संघांतून खेळत. होळकरांकडे एक महाराज होते. त्या एका माणसाच्या आवडीवर सगळे उभे होते.

या संघात इंदूरचेच सय्यद मुश्ताक अली होते. सीकेंचे धाकटे भाऊ सी. एस. नायडू होते, तेही नागपूरचे. त्या वर्षांत चंदू सरवटे, नागपुरात जन्मलेले हिरालाल गायकवाड, भाऊसाहेब निंबाळकर अशी नावे होळकरांच्या यादीत दिसतात. म्हणजे वऱ्हाड-नागपूरच्या माणसाने इंदूरच्या संघाला आपले म्हटले, तर ते पोकळ नव्हते. आपली माणसे तिथे होती.

१९४४-४५ च्या हंगामात या संघाला एक पाहुणा मिळाला. इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन. दुसरे महायुद्ध चालू होते, कॉम्प्टन फौजेत होता आणि त्याची नेमणूक महूला होती. महू इंदूरपासून अगदी जवळ. सीकेंनी त्याला आपल्या संघात घेतले. असा हा संघ अंतिम सामन्यासाठी मुंबईला आला तेव्हा कप्तान सीके पन्नाशीला टेकले होते.

समोर विजय मर्चंट यांची मुंबई. या दोन संघांच्या खेळण्याच्या रीतीतच भांडण होते. मुंबईचे क्रिकेट हिशेबी. तंत्र शुद्ध, चूक करायची नाही, गडी फेकायचा नाही, समोरच्याला थकवायचे आणि मग जिंकायचे. होळकरांकडे मुश्ताक अली पुढे सरसावून फटका मारत, सीके चेंडू मैदानाबाहेर पाठवत. गंमत अशी की याच मर्चंट आणि मुश्ताक अलींनी १९३६ साली मँचेस्टरला इंग्लंडविरुद्ध सलामीला २०३ धावांची भागीदारी केली होती. मर्चंट ११४, मुश्ताक ११२. देशासाठी एका खेळपट्टीवर दोन टोकांना उभे राहिलेले हे दोघे नऊ वर्षांनी समोरासमोर होते. त्या दोघांच्या स्वभावांत जो फरक होता, तोच या दोन संघांत होता, असे मला वाटते.

सामना निकाल लागेपर्यंत खेळायचा होता. दिवसांची मर्यादा नाही. त्यामुळे पहिल्या डावाच्या आघाडीवर विजय ठरणार नव्हता, डाव घोषित करण्याचेही कारण नव्हते. पहिल्या डावात मुंबईच्या रूसी मोदींचे शतक दोन धावांनी हुकले. त्या हंगामात मोदींनी रणजीत १००८ धावा काढल्या, एका हंगामात हजारचा टप्पा ओलांडणारे ते पहिलेच. होळकरांकडून मुश्ताक अलींनी १०९ केल्या, तरी संघ १०२ धावांनी मागे राहिला. मग मुंबईचा दुसरा डाव आला आणि तो संपेचना. मर्चंट २७८. मोदी १५१. कूपर यांचे शतक. सगळे मिळून ७६४.

त्या डावाला काही जण निष्ठुर म्हणतात. मी म्हणत नाही. निकालापर्यंत खेळायचे ठरले असेल तर समोरच्याला दया दाखवून डाव सोडणे हा त्याचा अपमान झाला असता. मर्चंटनी होळकरांना पूर्ण मान दिला. या फलंदाजांसमोर आठशे धावाही पुरतील की नाही, असे समजून ते खेळले. प्रतिस्पर्ध्याला एवढे मोठे मानणे ही स्पर्धेतली सर्वांत खरी सलामी आहे.

आणि त्या सगळ्या वेळात चेंडू टाकत होते सी. एस. नायडू. लेगब्रेक आणि गुगली टाकणारा हा नागपूरचा गोलंदाज पहिल्या डावात ६४.५ षटके टाकून गेला, सहा गडी घेऊन. दुसऱ्या डावात ८८ षटके, पाच गडी. दोन्ही मिळून १५२.५ षटके, ९१७ चेंडू, ४२८ धावा, अकरा बळी. प्रथम दर्जाच्या सामन्यात एका गोलंदाजाने टाकलेल्या चेंडूंचा हा जागतिक विक्रम आहे. आता असे निकालापर्यंतचे सामनेच होत नाहीत, त्यामुळे तो मोडण्याची शक्यताही उरलेली नाही.

नऊशे सतरा चेंडू म्हणजे काय, हे ज्याने मनगटाने चेंडू फिरवला आहे त्यालाच कळेल. लेगब्रेक टाकताना बोटांच्या पेरांची साल निघते. खांदा भरून येतो. धाव छोटी असली तरी ती नऊशे वेळा घ्यायची असते. वखरपाळी देणारा माणूस धुऱ्यापर्यंत जातो, वळतो, पुन्हा तासाला लागतो आणि उरलेल्या वावराकडे मान वर करून पाहत नाही, तसेच त्यांनी ते केले असणार, असे मला नेहमी वाटते. मर्चंट बाद होत नाहीत, धावा चारशेच्या, पाचशेच्या, सहाशेच्या पुढे जातात, कप्तान सख्खा मोठा भाऊ आहे आणि तो पुन्हा चेंडू हातात देतो. सीकेंची शिस्त कडक होती, धाकटा भाऊ म्हणून सूट देणाऱ्यांतला हा कप्तान नव्हता. सी. एस. पुन्हा चेंडू घेतात. शेवटी मुंबईचे दहाही गडी बाद होतात. होळकरांनी मुंबईचा डाव संपवला, हे वाक्य मला फार महत्त्वाचे वाटते. त्यांनी तो मर्चंटच्या मर्जीवर सोडला नाही.

मग चौथा डाव. लक्ष्य ८६७.

ही संख्या ऐकून कुठल्याही संघाचे हातपाय गळावेत. मुश्ताक अली उतरले आणि त्यांनी पुन्हा शतक केले. पहिल्या डावात १०९, आता १३९. आठशेच्या वर धावा हव्या असताना माणूस दोन गोष्टी करू शकतो. जिवावर उदार होऊन दांडपट्टा फिरवायचा आणि लवकर सुटका करून घ्यायची, नाहीतर आपला जो खेळ आहे तो तसाच खेळायचा. मुश्ताक आपला खेळ खेळले. त्यांचा खेळ मुळातच वेगवान होता, म्हणून तो वेगवान झाला.

आणि कॉम्प्टन. परक्या देशातला, फौजेच्या नोकरीत असताना काही आठवड्यांसाठी या संघात आलेला, उद्या कुठे बदली होईल ठाऊक नसलेला. त्याला होळकरांच्या हरण्या-जिंकण्याशी काय देणेघेणे? तो २४९ धावांवर नाबाद राहिला. दुसऱ्या टोकाचा शेवटचा गडी पडला तेव्हा तो उभा होता. शतकानंतरच्या प्रत्येक धावेला बक्षीस देऊ, असे एका धनिकाने त्याला सांगितले होते आणि सामना संपल्यावर ते गृहस्थ कलकत्त्याला निघून गेल्याची चिठ्ठी तेवढी मिळाली, ही आठवण कॉम्प्टन पुढे सांगत असे. पण बक्षिसासाठी कुणी २४९ धावा करत नाही. तेवढा वेळ खेळपट्टीवर उभे राहायचे तर आपण या संघाचे आहोत असे आतून वाटावे लागते. काही आठवड्यांत कॉम्प्टन होळकरांचा झाला होता. आमचे आबा नेरमध्ये बसून होळकरांचे झाले, त्याहून हे फार वेगळे नव्हते.

४९२ वर डाव संपला. सहा दिवसांचा खेळ झाला होता.

याच्या सहा वर्षे आधी, १९३९ साली, डर्बनला इंग्लंड आणि दक्षिण आफ्रिका असाच अमर्याद कसोटी सामना खेळले होते. इंग्लंडला ६९६ हव्या होत्या, पाच बाद ६५४ झाल्या आणि खेळ थांबवावा लागला, कारण इंग्लंडच्या संघाचे परतीचे जहाज सुटणार होते. त्या सामन्याचे नाव जास्त घेतले जाते. माझ्या मते ब्रेबॉर्नचा सामना मोठा आहे. तो पूर्ण झाला. कोणी जिंकायचे आणि कोणी हरायचे हे त्याने सांगितले, आणि हरणाऱ्याला आपले सगळे बळ वापरून हरण्याची संधी दिली.

होळकर हरले, पण संपले नाहीत. पुढच्याच हंगामात त्यांनी बडोद्याला हरवून रणजी करंडक जिंकला. १९४७-४८ साली अंतिम सामन्यात पुन्हा मुंबई समोर आली, या वेळी इंदूरला, आणि होळकरांनी तिला नऊ गडी राखून हरवले. १९४४-४५ पासून १९५४-५५ पर्यंतच्या अकरा हंगामांत होळकर दहा वेळा अंतिम सामन्यात खेळले. चार जिंकले, सहा हरले. एका संस्थानी शहराने अख्ख्या देशाच्या क्रिकेटला एवढी वर्षे मान वळवून बघायला लावले.

१९५१-५२ च्या अंतिम सामन्यातली एक गोष्ट आबा दरवेळी उभे राहून सांगत. मुंबईकडून दत्तू फडकर गोलंदाजी करत होते. सीके तेव्हा छप्पन्न वर्षांचे. एक चेंडू उसळून त्यांच्या तोंडावर बसला आणि दोन दात पडले. त्यांनी खेळपट्टीवरचे दात बाजूला सारले, उपचाराला नकार दिला आणि पुढचा चेंडू खेळायला उभे राहिले. त्या डावात त्यांनी ६६ धावा केल्या. त्याही सामन्यात मुंबई जिंकली, ५३१ धावांनी. एवढ्या मोठ्या फरकाने गेलेल्या सामन्यातले आज काय आठवते? फडकरांचा वेग आणि सीकेंचे दात.

पुढे संस्थान गेले. १९४८ साली होळकरांचे राज्य मध्यभारतात विलीन झाले, संघ काही वर्षे जुन्या नावाने खेळत राहिला आणि १९५४-५५ नंतर होळकर हे नाव रणजीच्या तक्त्यातून नाहीसे झाले. शेवटच्या हंगामातही ते अंतिम सामन्यात होते, मद्रासकडून ४६ धावांनी हरले. राजाश्रयावर उभ्या राहिलेल्या कलेचे जे होते तेच झाले. राज्ये जाणे योग्यच होते, त्याबद्दल माझ्या मनात जराही संदेह नाही. पण राजाने जे काम केले होते ते दुसऱ्या कुणी ताबडतोब हातात घ्यायला हवे होते. ते घेतले गेले नाही, आणि लहान शहरांतले मोठे खेळाडू पुन्हा पोटासाठी मुंबईकडे बघू लागले.

असे फक्त आपल्याकडे घडले नाही. त्याच काळात अमेरिकेत न्यूयॉर्क शहराचे दोन बेसबॉल संघ एकमेकांचे हाडवैरी होते, जायंट्स आणि ब्रुकलिनचे डॉजर्स. ३ ऑक्टोबर १९५१ रोजी त्यांच्यात निर्णायक सामना झाला. डॉजर्स पुढे होते. शेवटच्या डावात जायंट्सच्या बॉबी थॉमसनने एका फटक्यात तीन धावा आणल्या आणि जायंट्स ५-४ असे जिंकले. ब्रुकलिनच्या गल्ल्यांत त्या पराभवाचे दुःख पिढ्यान् पिढ्या सांगितले गेले. आणि १९५७ चा हंगाम संपल्यावर दोन्ही संघ मालकांच्या निर्णयाने हजारो किलोमीटर दूर कॅलिफोर्नियाला निघून गेले. ब्रुकलिनचे मैदान १९६० साली पाडले. ज्यांनी त्या संघावर जीव लावला होता त्यांना कुणी विचारले नाही. होळकर राजसत्ता संपल्यामुळे गेले, डॉजर्स पैशाच्या हिशेबामुळे गेले. प्रेम करणारा माणूस दोन्हीकडे सारखाच मागे राहिला. त्याच्याकडे उरला तो सामना, जो कुणी दुसऱ्या गावी नेऊ शकत नाही.

विदर्भाला मात्र पुढे एक न्याय मिळाला, फार उशिरा. रणजीत उतरल्यापासून सहा दशके आम्ही हरत होतो. २०१७-१८ च्या हंगामात फैझ फझलच्या संघाने अंतिम फेरी गाठली. समोर दिल्ली, आणि सामना इंदूरला, होळकर स्टेडियमवर. रजनीश गुरबानीने हॅटट्रिक घेतली, अक्षय वाडकरने १३३ धावा केल्या आणि १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भ नऊ गडी राखून जिंकला. त्या संघाला घडवणारे चंद्रकांत पंडित मुंबईचे, फलंदाजीचा कणा वसीम जाफर मुंबईचा. ज्या मुंबईच्या शिस्तीने होळकरांना दमवले, ती शिस्त आता आमच्याकडे आली होती. आबा तेव्हा हयात नव्हते. सीकेंच्या इंदुरात विदर्भ जिंकला, हे त्यांना सांगता आले असते तर मला फार बरे वाटले असते.

आणि मग मार्च २०२४. रणजीचा अंतिम सामना, वानखेडे स्टेडियम, मुंबई विरुद्ध विदर्भ. ब्रेबॉर्नपासून वानखेडे पायी जाण्याच्या अंतरावर. ज्यांच्या नावाने ते उभे आहे ते शेषराव वानखेडे आमच्या नागपूरकडचे. पहिल्या डावात आम्ही १०५ वर गुंडाळलो गेलो. जिंकायला ५३८ हव्या होत्या. नेरमध्ये हरभरा-गव्हाची सोंगणी-काढणी चालू होती आणि मोबाइलवर सामना चालू होता. चौथ्या दिवशी संध्याकाळी पाच बाद २४८ झाल्या तेव्हा बहुतेकांनी फोन खिशात टाकला.

पाचव्या दिवशी सकाळी कप्तान अक्षय वाडकर आणि हर्ष दुबे खेळायला आले, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत एकही गडी पडला नाही. मी कृषी केंद्राच्या ओट्यावर होतो. माणसे एकेक करून जमू लागली. खताचे पोते घ्यायला आलेला माणूस पोते तसेच ठेवून उभा राहिला. कुणी मोठ्याने बोलत नव्हते. प्रत्येक धाव झाली की कुणीतरी उरलेल्या धावा सांगायचा. आम्ही जिंकू असे त्या ओट्यावर कुणालाही मनापासून वाटत असेल, असे नाही. पण कुणी हलतही नव्हते. वाडकरने शतक केले. १०२ वर तनुष कोटियनने त्याला पायचीत केले, १३० धावांची भागीदारी तुटली, आणि शेवटचे पाच गडी १५ धावांत गेले. दुबेच्या ६५. डाव ३६८ वर संपला, मुंबई १६९ धावांनी जिंकली.

एकाने पोते उचलले आणि जाता जाता म्हणाला, “लढले पोट्टे.”

तेव्हा मला ब्रेबॉर्नच्या ४९२ धावा आठवल्या. तोच महिना, तीच मुंबई, तोच चौथा डाव, आवाक्याबाहेरचे तसेच लक्ष्य. १९४५ साली आबा ज्या बाजूला होते, त्याच बाजूला मी ओट्यावर उभा होतो. फरक एवढाच की त्यांना सीकेंच्या मागे इंदूरपर्यंत जावे लागले होते, आणि माझ्या संघाचे नाव विदर्भ होते. पुढच्याच हंगामात, फेब्रुवारी २०२५ मध्ये, विदर्भाने नागपूरला उपांत्य सामन्यात मुंबईला ८० धावांनी हरवले आणि मग केरळविरुद्ध करंडकही जिंकला. हर्ष दुबेने त्या हंगामात ६९ बळी घेतले, रणजीच्या एका हंगामातले सर्वाधिक. १९४५ नंतर होळकर परतले होते, तसेच हे परतणे.

सीकेंच्या नावाने आज युवकांची करंडक स्पर्धा आहे, क्रिकेट मंडळाचा जीवनगौरव पुरस्कार आहे. हे योग्यच झाले. पण त्यांच्या धाकट्या भावाचे नाव विदर्भातल्या किती मुलांना माहीत आहे? नेरच्या वावरांत आजही लेगब्रेक टाकणारी पोरे आहेत. त्यांचे चेंडू भेगांत पडून वळतात, त्यांच्या पेरांची सालही निघते, आणि नागपूरच्या एका माणसाने एकाच सामन्यात ९१७ चेंडू टाकले होते हे त्यांना कुणी सांगितलेले नसते.

वाचकहो, तुमच्या घरात, शाळेत, गल्लीत कुणी क्रिकेट खेळत असेल, तर त्याला हा सामना सांगा. मर्चंटचे २७८ सांगा, कॉम्प्टनचे २४९ सांगा. पण सुरुवात सी. एस. नायडूंपासून करा.